विमानाचे निरोप पेणमार्गे

रोहा, ८ जानेवारी २०२६

ती. कृष्णाआक्कास पोपटचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळी मजेत. तुला फोनवर ऐकू येत नाय, त्यामुळे लिहिणं आलंच. पण आजचं कारण आपल्या सरूचा नवरा हाय.

रविवारी आमच्याकडे पोपटी लावली होती. जगनरावांनी जाळातून मडकं घाईने काढलं, आतल्या वालाच्या शेंगा कच्च्या. मी इतकंच म्हणालो, की ज्याला मडकं कधी काढायचं कळत नाय, त्याच्या हाती विमानाचं इंजिन कसं द्यावं? पाहुणे हसले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नायत, म्हणून मीही बोलत नाय.

पंचाईत अशी, की आमच्या एवढ्याशा हँगरात मेकॅनिक आम्ही दोघंच. एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासायचं. वहीत लिहावं तर ते माझं अक्षर वाचत नायत. सरू म्हणते, नवऱ्याच्या नि भावाच्या मधे मी पडणार नाय. तेव्हा तूच त्यांना कळव, की पांढऱ्या विमानाच्या डाव्या चाकात हवा कमी हाय. केरूचा भाजीचा टेम्पो रोज पेणला येतो, त्याच्याकडे पत्र देतोय.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा पोपट

पेण, ११ जानेवारी

चि. पोपट यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप लिहून केरूबरोबर धाडला. जगनरावांचं उत्तर आलं: हवा भरली, आणि दादांना सांगा, ते इंजिनावर पाना विसरले होते, तो उचलून ठेवलाय. म्हणजे तुम्ही दोघं एका छपराखाली, मधे एक विमान, आणि पान्याची बातमी रोह्याहून पेणला येऊन पुन्हा रोह्याला जाणार! अरे, मी मिठागरात जन्म काढला. मला विमानाचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं तेही ठाऊक नाय. परवा चाकाऐवजी चाकू लिहिलं होतं. शेजारची किमया वाचून हसली म्हणून निभावलं.

साहेबांना काय ते सांगून मोकळे व्हा. पोरांना माझे पापे.
आक्का

रोहा, मंगळवार, २० जानेवारी

ती. आक्कास सा. न.

साहेबांना सांगायची सोय उरली नाय. सुजयसाहेब मुंबईहून कोर्स करून आलेत. विमान बिघडतं त्यात यंत्रापेक्षा माणसाचा हात जास्त, असं शिकून आलेत. दमलेला माणूस, विसराळू माणूस, न बोलणारा माणूस, सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावलीत. लक्ष उडतं म्हणून मोबाइल गेटवरच्या कपाटात बंद. वर म्हणतात, इतकं शांत हँगर कुठे पाहिलं नाय, इथे कधी वाद म्हणून नाय! काल मला नि जगनरावांना 'उत्तम संवाद' म्हणून शाल दिली. फोटोत आम्ही शेजारी शेजारी हसलो, एक शब्द न बोलता.

आता महत्त्वाचं. विमान वर-खाली करणारी शेपटीकडची फळी असते, तिचा बोल्ट मी आज बदलला. नट नुसता हाताने लावलाय. तो निघू नये म्हणून बारीक पिन लागते, ती उद्या येईल. खूण म्हणून लाल फडकं बांधलंय. मी पहाटे बायकोच्या भावाच्या लग्नाला गागोद्याला चाललोय. जगनरावांना सांग, नट आवळून पिन लावल्याशिवाय विमान सोडू नका. गुरुवारी साहेब स्वतः बसणार हायत.

घाईत हाय, रागावू नको.
पोपट

रोहा, २२ जानेवारी

ती. पोपटदादास जगनचा सा. न. वि. वि.

हे पत्र थेट तुम्हालाच लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.

केरूचा टेम्पो कोलाडला बंद पडला. तुमचं पत्र आक्कांना आज सकाळी मिळालं. किमयाने मला फोन लावला, तो कपाटात वाजत राहिला. तुमचा गागोद्यात लागेना. तेव्हा आक्का मिळाली ती गाडी धरून रोह्याला उतरल्या आणि रिक्षा करून हँगरवर आल्या. गेटवरच्या रखवालदाराला वाटलं, साहेबांच्या आई. त्याने सलाम ठोकून आत सोडलं.

इंजिन सुरू झालं होतं. आक्का दोन्ही हात वर करून धावपट्टीवर उभ्या राहिल्या. आत बसलेल्या साहेबांना वाटलं, गावातली बाई विमानाची पूजा करायला आलीय. त्यांनी वैमानिकाला इंजिन बंद करायला लावलं आणि मला नारळ आणायला सांगितलं. आक्कांना कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. शेपूट समजून त्यांनी पंख धरला आणि ओरडल्या, "जगनराव, हिला पिन नाय!"

मी शेपटीकडे धावलो. लाल फडकं नव्हतं. पेपरवाला फोटो काढायला येणार म्हणून साहेबांनीच ते काल सोडलं होतं. नट बोटाने फिरला, दादा. आणि तपासल्याची सही माझी होती. नट जागेवर दिसला, तुमचं काम म्हणजे चोखच असणार, असं धरून चाललो. बोलत नव्हतो तरी विश्वास तेवढाच होता. तोच नडला असता.

साहेबांना पोपटीपासून सगळं सांगितलं. ते तिथेच हत्यारांच्या पेटीवर बसले. मग उठून त्यांनी माझी शाल मागून घेतली नि आक्कांच्या खांद्यावर घातली. नवा नियम असा, की विमान सोडण्याआधी आपण दोघांनी समोरासमोर बसून चहा प्यायचा, आणि काय झालं, काय राहिलं ते एकमेकांना तोंडाने सांगायचं. तोवर विमान जागेवर.

लवकर या. हा चहा एकट्याला पिता येत नाय.
आपला जगन

पेण, १५ फेब्रुवारी

चि. पोपट आणि जगनराव, दोघांना आशीर्वाद.

तुमचं बोलणं सुरू झालं, बरं झालं. सरू कळवते, की आता हँगरात इतकी बडबड चालते, की साहेब कानात कापूस घालून बसतात.

माझं काय विचारता? केरू रोज येतो, वांगी टाकतो, रिकामे हात दाखवतो नि जातो. किमया विचारते, आजी, आज विमानाचं काय बिघडलं? मी काय सांगू? कुठे मला नट नि बोल्ट वेगळे कळायला लागले होते.

परवा घरावरून एक विमान गेलं. ऐकू आलं नाय. अंगणातून सावली सरकली तेव्हा कळलं. तुमचंच असेल का, पिन बसवली असेल का, विचारायला कुणी नव्हतं. सावली गेली तरी मी उभीच.

तर एवढं करा. विमानाचं सगळं तोंडाने बोला, त्यात हयगय नको. पण दुसऱ्या कशावरून तरी थोडं भांडा, नि मला कळवा.

दाराशी उभी असलेली,
आक्का