हळदीच्या आधी केस नीट व्हायला हवेत

६ एप्रिल
हायलाइट्स करून महिना होत आला. पार्लरवालीने आधी ब्लीच केलं, मग रंग. आई म्हणते, सोललेल्या नारळाची शेंडी. समोरच्या दीपकने पाहिलं आणि काहीच बोलला नाही. तेव्हापासून मेसेजही नाही. कारण उघड आहे. केस नीट झाले की झालं.
निश्चय: स्ट्रेटनर बंद. रोज तेल. रडणं बंद. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी.

९ एप्रिल
हेअर मास्क आणला. केसांतले तुटलेले बाँड्स पुन्हा जोडतो, असं डबीवर छापलंय. माझं बीएस्सी केमिस्ट्रीत झालंय, त्यामुळे विश्वास बसला.

१३ एप्रिल
दीपकची बहीण प्राची त्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. मुलगी कणकवलीची. आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडायच्या आधी मांडव इथेच पडायला हवा, असा त्यांच्या आईचा हट्ट. म्हणजे घाई आईची आहे, त्याची नाही. अभ्यासिकेत तो मला म्हणाला होता, लग्न करीन तर रजिस्टर, हळदबिळद नाही. असा माणूस शब्द फिरवत नाही. ऐन वेळी नकार देईल. तेव्हा माझे केस नीट हवेत.

१७ एप्रिल, दुपार
कोरफड लावली. खाज. रोज तेल लावायचं ठरलं होतं, पण तेलकट डोक्याने खिडकीत कसं उभं राहणार? समोर त्याचीच खिडकी. तो दिसला नाही. खाली टेम्पोतून मांडवाचे बांबू उतरवत होते.
रडणं उद्यापासून बंद.

२२ एप्रिल
केस खरंच मऊ झालेत. प्राचीने हात फिरवून पाहिला. म्हणाली, हळदीला ये, दादाने खास सांगितलंय. खास. म्हणजे त्याला धीर हवाय. जाणारच.

२६ एप्रिल
हळद. बँजो असा की कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. केस मोकळे सोडून गेले. दीपक पाटावर, गळ्यापर्यंत पिवळा. त्याला बोलायला सोपं जावं म्हणून मी अगदी समोर उभी राहिले. तो बोललाही.
"केस छान झाले गं तुझे."
मग त्याच्या आत्याने त्याच्या अंगावरची उष्टी हळद माझ्या भांगात चोपडली. "आता तुझा नंबर हां, बाय." बायका हसल्या. मीही हसले. ती हळद नवरीकडे जायची असते. थोडी माझ्याकडे आली.

२७ एप्रिल, सकाळ
ब्लीच केलेले केस रंग पितात, हे मला तरी माहीत असायला हवं होतं. शाम्पूने हळद गेली नाही. घाईत मोरीतला कपड्यांचा साबण घासला. साबण लागला की हळद लाल होते, शाळेतला प्रयोग. भांग लालभडक झाला.
आरशात बघितलं. थोडा वेळ तसाच राहू दिला.
आईने मोरीचं दार वाजवलं. नवरी आली म्हणाली, बघायला येतेस का.
डोक्यावर पाणी ओतलं. पुन्हा पिवळा.