पावसाळ्यात बंद असणारं बंदर

गुरुजी, आज त्या बंदराच्या धक्क्यावर उभी राहून मी तासभर बोलले. सतराव्या शतकात इथली जकातीची चौकी कुठे होती, अरबी घोडे कुठे उतरत, आपल्या नगरकडचं कापड बैलांच्या पाठीवरून घाट उतरून कसं येई, सगळं मला तोंडपाठ आहे. जुने कागद चाळण्यात चाळीस वर्षं गेली. या गावाबद्दल मला चुकीत पकडेल असा माणूस आता उरलेला नाही.

समुद्र तेव्हा तुम्हीही पाहिला नव्हता. बहात्तरचा दुष्काळ, प्रवरा आटलेली आणि तुम्ही सातवीच्या वर्गात फळ्यावर खाडी काढताय. ‘पावसाळ्यात दर्या खवळतो, बंदर बंद. गलबतं वर ओढून झावळ्यांनी झाकायची. नारळी पुनवेला नारळ वाहिला, की मग निघायचं.’ मी ऐकलं, पण मनाला काही पटलं नाही. आमच्याकडे पाऊस आला की सगळं सुरू होतं, बंद कसं पडेल? त्यात वडिलांनी बजावलेलं, ‘डिप्टीसायबाफुडं नीट बोललीस तर आठवी. न्हाई तर चल माझ्यासंगं खडी फोडायला.’

शिक्षणखात्याचे डिप्टीसाहेब शाळेच्या तपासणीला आले. त्यांनी नेमकं मलाच उभं केलं आणि विचारलं, बंदराचा व्यापार कधी चाले? मी ठणकावून सांगितलं, ‘पावसाळ्यात! तवाच तर पानी असतंय.’ साहेब कोकणातले. पोट धरून हसले आणि मग कडक आवाजात म्हणाले, ‘कुणी शिकवलं हे?’ तुम्ही पुढे आलात. ‘चूक माझी हाय, साहेब. मीच उलटं सांगितलं. पोरीनं ध्यानात ठेवलं, तिला शाबासकी द्या.’ साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि शेरेबुकात तुमच्यावर शेरा मारला. मी आठवीत गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आता तरी वाच, पोरी. दर बारीला मी नसंन.’ तेव्हापासून मी वाचतेच आहे.

आभार मानायला म्हणून कागद पुढे ओढला होता. पण आज भाषणाची सुरुवात मी नेहमीसारखीच केली: ‘आमच्या गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. ते शिकवायचे, बंदर पावसाळ्यात चालतं!’ लोक खळखळून हसले. दरवेळी हसतात. उद्या पुन्हा भाषण आहे. निदान उद्या तरी खरं सांगेन, असं लिहिणार होते, गुरुजी. लिहवत नाही.