जैतूनची हातमशीन

भातकुली,
बकरी ईद होऊन सातवा दिवस

आदरणीय महेमूदा आपा यांस,

मुनाफचा अदबीनं सलाम. तुमचे गुडघे आता काय म्हणतात? अकोल्यात यंदा ऊन लय तापून राहिलं म्हणे, तवा कूलरसमोरून हलू नका. मी खुशाल हाये. फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण फोनवर तुमी मले दुसरं वाक्य बोलू देत नाही, अन् ही गोष्ट लांब हाये. उर्दूत लिहिलं असतं, पण माझी उर्दू पाहून आमचे मौलानासाहेब डोक्याले हात लावतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं घंटा वाजवली, आपली मराठीच बरी.

त झालं असं. ईदच्या आधीच्या जुम्म्याले मौलाना बोलले, की कुर्बानीचं गोश्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, रक्तही पोचत नाही. पोचते ते तुमच्या दिलातलं. अन् जे प्यारं हाये त्यातून देत नाही, तोवर नेकी हाती लागत नाही. घरी येऊन मी बकऱ्याकडे पाह्यलं. चार दिवसांआधी बाजारातून आणलेला, अन् आल्या आल्या माझी लुंगी खाल्लेला. (नवी लुंगी, आपा!) त्याच्यावर माझी रत्तीभर मोहब्बत नव्हती. कुर्बानी त करणारच होतो, पण मले प्यारं काय? घरभर फिरलो. जुनी गादी, पाय मोडकी खुर्ची, हे सगळं द्यायले मी एका पायावर तयार! मंग नजर खिडकीखाली गेली अन् जीव चरकला. तिथं माझ्या जैतूनची शिलाईची हातमशीन. तुमची बहीण जाऊन तीन वर्षं झाली, पण दर शुक्रवारी मी मशीनीले तेल देतो, दोन वेळा हँडल फिरवतो, खटखट ऐकतो अन् झाकून ठेवतो. माणसाले काही ना काही लागतेच.

समोरच्या गल्लीतली चंदा तुमी पाह्यली हाये, जैतूनजवळ शिलाई शिकायले येत होती ती. नवरा वारल्यापासून ब्लाऊज शिवून दोन लेकी पोसून राहिली. मशीन दुसऱ्या बाईची होती, ती तिनं परत नेली, तवापासून पोरगी सुई-धाग्यानं टाके घालते. म्हणजे कोणाले द्यायचं हा सवालच नव्हता. अडचण दुसरीच. दान-सदका असा द्यावा, की उजव्या हातानं दिलेलं डाव्याले कळू नये. आता मशीन का एका हातानं उचलते? डाव्याले सामील करावंच लागलं. ईदच्या आदल्या दिवशी, अरफ्याचा रोजा ठेवून, दुपारी दोन वाजता, जवा भातकुलीत कुत्रंही सावली सोडत नाही, तवा मशीन पोत्यात गुंडाळून सायकलवर नेली, चंदाच्या दारात ठेवली, कडी वाजवली अन् पळालो. बासष्टाव्या वर्षी पळालो, आपा! एक चप्पल तिथंच राह्यली, ती आणायले पुन्हा गेलो. पण पाह्यलं कोणीच नाही.

संध्याकाळी गावभर बातमी, की चंदाले मशीन उत्तमरावानं दिली! उत्तमराव म्हणजे आमचे खत-बियाण्याचे दुकानदार, पंचायत समितीले उभे राहायच्या तयारीत हायेत. चंदानंच सांगितलं म्हणे. उत्तमराव आधी चकित झाले, मंग त्यायले हळूहळू आठवलं, की हो, दिली. ईदच्या पाचव्या दिवशी शाळेत सत्कार. अन् शालीचं ताट कोणाच्या हाती? रिटायर झालो तरी घंटावाला मीच! ताट धरलं, टाळ्याही वाजवल्या. तोंडावर हसूही ठेवलं. भाषणात ते म्हणतात, देताना काळीज कसं तुटते ते देणाऱ्यालेच मालूम. माझं त टाळकंच सरकलं.

तिथून तडक चंदाच्या घरी गेलो. म्हटलं आज सांगूनच टाकतो, सवाब-पुण्य गेलं खड्ड्यात. (तौबा, तौबा.) मी तोंड उघडायच्या आत ती म्हणे, "काका, बसा. काकूच्या मशीनीवरच त मी शिकली, मी नाही का ओळखणार? तुमी लपून ठेवली, म्हंजे तुमाले नाव नको होतं. लोक विचारून राह्यले होते, म्हणून उत्तमभाऊचं घेतलं. त्यायले चालते." मी खालीच बसलो. माझं झाकायले त्या पोरीनं नाही त्या माणसाचे उपकार डोक्यावर घेतले, अन् मी दिलेलं वसूल करायले गेलो होतो! मंग ती शिवायले बसली. खटखट सुरू झाली अन् मी रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं. तीन वर्षांत पह्यल्यांदा ती मशीन कामासाठी वाजताना मी ऐकत होतो.

तुमच्या दुवेची आस धरून बसलेला,
मुनाफ

ता. क. सदका गुपचूप द्यायचा असते अन् मी त्याच्यावर चार पानं लिहिली. वाचून झालं की फाडून टाका.

आणखी एक ता. क. खरं काम हे हाये. काल मी मौलानासाहेबाले, कोणाचं नाव न घेता, विचारलं. ते म्हणाले, बाईले मूलबाळ नसंल, मायबाप-भाऊ नसंल, एकच सख्खी बहीण असंल, त तिच्या मालात अर्धा हिस्सा नवऱ्याचा अन् अर्धा बहिणीचा. म्हणजे आपा, अर्धी मशीन तुमची होती. जैतूनच्या चाळिसाव्याले तुमी तुमच्या अम्मीची निशाणी म्हणून तीच मागितली, अन् मी म्हटलं, माझ्या जनाज्याआधी ती या घरातून निघणार नाही. तुमी डोळे पुसत अकोल्याची एसटी धरली. तुमाले जे नाही म्हटलं, ते तुमाले न विचारता दुसऱ्याच्या दारात ठेवून आलो. चंदाजवळून परत मागणं माझ्यानं होत नाही. तुमालेही ती किती प्यारी हाये, हे मले मालूम हाये, तरी मागून राहिलो. तुमचा अर्धा हिस्सा खुशीनं देऊन टाका. दिला त आपल्या दोघांचं दान होईल. नाही दिला त मी सदका नाही केला, आपा, चोरी केली.