दम लागला तर कोणाला हाक माराल?

बुधवार, संध्याकाळ

सकाळी पुन्हा दम लागला, रिक्षाने कॅज्युअल्टीत गेलो. दरवेळी वाफ देतात आणि बरं वाटलं की घरी पाठवतात. आज नव्या सिस्टरने थांबवलं.

"काका, पंप कसा मारता, दाखवा."

दाखवला.

"अहो, औषध तोंडातच राहतंय! सावकाश आत ओढा, दहा मोजेपर्यंत श्वास धरा."

म्हणजे चार वर्षं चुकीचाच मारत होतो. तिने तीनदा करून घेतलं, सगळं कागदावर लिहून दिलं. मग विचारलं, "घरी दम लागला तर कोणाला हाक माराल?"

"मुलगा आहे ना," म्हणालो. मुलगा पुण्यात. ही गेल्यापासून घरात मी एकटाच. खोटं का बोललो? लाज वाटली?

कोणाला हाक मारणार, हेच दिवसभर डोक्यात. शेवटी मघाशी समोरच्या फ्लॅटची बेल दाबली. मला इथे चंदनसारला राहायला येऊन सहा वर्षं झाली, तरी बाईंना नाव विचारावं लागलं. नंबर मागितला, कारण सांगितलं. त्यांनी लगेच दिला.

"तुमचा खोकला रोज ऐकू येतो हो," म्हणाल्या. "विचारावं कसं, कळत नव्हतं."

मला वाटायचं, तो भिंतीपलीकडे जातच नाही.