नाक मोकळं झालं

पेण, मंगळवार, संध्याकाळ

काल यांचा फोन आला तेव्हा यांचं नाक पार चोंदलेलं होतं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू? मेट्रोचा बोगदा नदीखालून जातोय. पाणी आत घुसू नये म्हणून खोदणाऱ्या मशीनच्या तोंडाशी हवा दाबून भरतात आणि त्या हवेत यांना वेल्डिंगला जायचं. सर्दी असली तर डॉक्टर आत सोडत नाही. चोंदल्या नाकानं त्या दाबातून बाहेर येताना कानाचा पडदा फाटतो म्हणे. म्हटलं, चला, एक दिवस तरी टळला.

आज आवाज एकदम स्वच्छ.

"सर्दी?"

"नाय गो. डॉक्टरनी पास केलं."

एका रात्रीत? "नाकात काय घातलंत?"

"थेंब. तपासणीपुरते. सगळेच घालतात."

आणि आत असतानाच थेंबांचा असर उतरला तर? विचारायच्या आत शिफ्टची गाडी आली, फोन बंद.

इथे जवळच डोलवीच्या स्टील कंपनीत होते तेव्हा धुरानं खोकत यायचे, मी चिडायची. निदान रोज घरी यायचे.

सासूबाईंनी विचारलं, "बरा हाय ना?"

"व्हय. नाक मोकळं झालं."

"बरं झालं गो," म्हणत त्यांनी देवापुढं साखर ठेवली.