घरातल्या चार फोनांची अदलाबदल

आदरणीय मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालणार होतो, पण हल्ली खाली वाकलो की कंबर धरते. का, ते पुढे येईलच.) तुमचा खांदा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? थिएटर बंद झाल्यापासून तुम्ही दिवसभर घरी बसून मामींच्या स्वयंपाकात सूचना करता, असा मामींचा निरोप आईकडून कळला. मामींच्या निरोपाचा उरलेला भाग इथे लिहिण्यासारखा नाही. तुम्ही दिलेला माउथ ऑर्गन, ज्याच्यामुळे तुम्ही मला पिपाणी म्हणता आणि बाबा कानात कापूस घालतात, तो सुखरूप आहे. तुम्ही थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचात म्हणून बाबा तुम्हाला अजूनही ‘ऑपरेटर’ म्हणतात. मला ते कधीच आवडलं नाही. मामा तो मामा. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्यातलं ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण, याची मात्र मला खात्री नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. कागदावर लिहितोय ते तुमच्या बटणांच्या फोनवर एवढं लांब काही पोचत नाही म्हणून. शिवाय माझ्या हातातल्या फोनला हे कळू नये असंही वाटतं.

झालं असं, की कॉलेजात सरांनी निबंध दिला: इंटरनेटमुळे आपलं पाहणं, ऐकणं, वाचणं कसं बदललं? स्वतःची मतं लिहा, इकडून तिकडून उचललेली नकोत. आता मतं म्हटली की मी मागे हटतो थोडाच! मी लिहिलं की पूर्वी बाहेरच्या खोलीत एकच टीव्ही असायचा, रिमोटवरून मारामाऱ्या व्हायच्या, पण मारामारीसाठी का होईना, घर एका खोलीत जमायचं. जे नावडतं तेही पाहावं लागायचं, आणि नावडतं पाहता पाहता शेजारच्या माणसाची आवड कळायची. तुमच्या थिएटरात तर अख्खं गाव एकाच वेळी एकाच गोष्टीला हसायचं. आता चौघं चार कोपऱ्यांत, चौघांच्या कानांत बोंडं, आणि एकाला हसू आलं की बाकीचे त्याच्याकडे संशयाने बघतात. माझं मुख्य मत असं, की इंटरनेटने आपल्याला हवं ते पाहायची मोकळीक दिली आणि आपल्याला हवं काय, ते ठरवायचं काम स्वतःकडे ठेवलं. सर म्हणाले, वाक्य झकास आहे, पण पुरावा कुठे आहे? इथे माझी बुद्धी फिरली.

मी घरच्यांना फोनांची अदलाबदल करायला लावली. सिमकार्ड ज्याचं त्याच्याकडे, म्हणजे बोलणं आपापलं. बाकी फोन दुसऱ्याचा, आणि त्यावर तो जे समोर आणून ठेवेल तेच पाहायचं. स्वतःहून काही शोधायचं नाही. माझ्याकडे बाबांचा फोन आला, बाबांकडे आईचा, आईकडे आजीचा आणि आजीकडे माझा. फोन उघडावा म्हणून प्रत्येकात नव्या माणसाचा चेहरा भरला. जुना चेहरा काढला नव्हता, हे कृपया ध्यानात ठेवा. आईने थोडी कुरकुर केली, पण मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न म्हटल्यावर आमचं घर काहीही करतं, त्याचीच ही फळं.

पहिल्यांदा मजा आली. बाबांचं तुम्हाला माहीतच आहे, गाडी शिकवायला बसले की ‘क्लच! क्लच!’ ही आरोळी चार गल्ल्यांत ऐकू जाते. आईच्या फोनमध्ये होतं शिवणकाम आणि खुनांचा तपास. (आई लोकांचे पडदे शिवते, तेव्हा शिवण समजू शकतो. खुनांचं काय, ते विचारायची माझी हिंमत नाही.) थोड्याच दिवसांत बाबांनी एका शिकाऊ बाईंना गाडी कडेला घ्यायला लावली आणि त्यांच्या बाहीची उसवलेली शिवण दाखवून दिली. इथवर आम्ही पोट धरून हसलो. मग एकदा ते खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते, आणि दोरा त्यांनी दाताने तोडला, मान जराशी डावीकडे कलती करून, अगदी आई तोडते तसा. मामा, हे कुठल्याही व्हिडिओत दाखवत नाहीत. मी सगळे तपासले.

आमची ही (आई म्हणायचं होतं मला, असं हल्ली होतं), तर आई, जी जिना चढताना दोन दोन पायऱ्या ओलांडायची, ती आजीच्या फोनवर गुडघेदुखीचे उपाय आणि मळलेले गालिचे धुतानाची दृश्यं बघता बघता भिंत धरून चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, गुडघे ठणठणीत आहेत. आजीची खुर्ची तिने कधी घेतली आणि आजीने कधी सोडली, कोणीच पाहिलं नाही. एका सकाळी तिने त्या खुर्चीतून मला हाक मारली, ‘गोटू, अरे गोटू, अंगात कणकण आहे का रे?’ गोटू म्हणजे आजीने ठेवलेलं बाबांचं लाडाचं नाव, ते आईच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. आणि मी ओ देऊन गेलो. तिने माझ्या कपाळाला हात लावला, मला बरं वाटलं, आणि यात काही चुकलंय हे मला बाहेर आल्यावर, चप्पल घालताना लक्षात आलं.

आजीचं सगळ्यात वेगळं. तिला माझ्या फोनने काय काय दाखवलं कोण जाणे, पण ती दुपारी माझा माउथ ऑर्गन वाजवते. चांगला वाजवते. तुम्ही शिकवलेली ती चाल आठवते ना, जिच्या मध्यावर माझा श्वास तुटायचा आणि तुम्ही डोक्याला हात लावायचात? आजीचाही तिथेच तुटतो. त्या वेळी मी बसल्या जागी उजवा पाय जमिनीवर दाबतो. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो मी दाबत असतो. बसमध्येही दाबतो, वर्गातही दाबतो. सर परवा फळ्याकडे जरा वेगाने चालले तर मी ओरडलो, ‘आरसा बघा!’

बाबांच्या फोनवर काय असतं ते सांगायचं राहिलं. इंजिनं असतात, घाटात उलटलेले ट्रक असतात, बाबांची कंबर धरते म्हणून कंबरेचे व्यायाम असतात. आणि मधूनच, म्हणजे बहुधा बाबांनी पूर्वी कधीतरी पुन्हा पुन्हा पाहिले असणार म्हणून, असे व्हिडिओ येतात: मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याशी काय बोलावं? जेवताना मुलगा मान वर करत नाही, बापाने काय करावं? पहिला पाहिला तेव्हा मला बाबांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. वाटलं, उठून त्यांच्याशी बोलावं. पण ते बाहीला टीप घालत होते, आणि फोनने पुढचा व्हिडिओ लावलासुद्धा. मी रोज पाहत गेलो. आता जेवताना माझा मुलगा माझ्याशी का बोलत नाही, या काळजीने माझा जीव तुटतो. मामा, मला मुलगा नाही.

तेव्हा मी घाबरलो आणि प्रयोग संपल्याचं जाहीर केलं. चारही फोन जेवणाच्या टेबलावर ठेवले, म्हटलं, उचला आपापला. चौघांनी हात पुढे केले आणि जराही न अडखळता पुन्हा तेच उचलले. मीसुद्धा. मग आजीच्या हातून मी माझा फोन जवळजवळ हिसकावला आणि चेहऱ्यासमोर धरला. त्याने मला ओळखलं नाही. पुन्हा धरला, दिव्याखाली धरला, चष्मा काढून धरला. (मला चष्मा कधी लागला?) आजीने नुसतं वाकून पाहिलं, तर उघडला. आत माझं म्हणावं असं काही दिसेना. मी तो तिला परत दिला. ती म्हणाली, ‘थँक्स यार.’

निबंध दिला आहे. सरांना इतका आवडला, की पुढच्या आठवड्यापासून सगळ्या वर्गात फोनांची अदलाबदल करायची ठरली आहे. मी विरोध केला, तर म्हणाले, विद्यार्थ्याने एवढं काळजीखोर असू नये. असो. आमची काळजी करू नका, मला काही नको, सहज ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिलं. खांद्याला शेक द्या. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. काही नको म्हटलं ते खरं नाही. तुमच्या केबिनमध्ये मशीनशेजारच्या स्टुलावर बसून मी लहानपणी सिनेमे पाहायचो. भिंतीतल्या त्या चौकोनी भोकातून तुम्ही पडद्यापेक्षा माणसंच जास्त पाहायचात, आणि मला तर जवळूनच. एकदा सगळं थिएटर गप्प असताना मी एकटाच खो खो हसलो होतो, आणि तुम्ही विचारलं होतं, ‘काय रे, कशाला हसलास?’ मी काहीतरी सांगितलं होतं. ते काय होतं, मला आठवत नाही. आणखी कशाला हसायचो, कशाला रडायचो, कुठे डोळे झाकायचो, तेही आठवत नाही. कुठलाही फोन येण्याआधी मला काय आवडायचं, हे माहीत असलेलं माणूस तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मामा, तेवढं लिहून पाठवा, हातासरशी पाठवा. मी ते रोज वाचेन. पाया पडतो.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलंच होतं, म्हणून आणखी दोन ओळी. ऑपरेटर, कसे आहात? आमची आई हल्ली दुपारी एक माउथ ऑर्गन वाजवत बसते. त्याच्या डबीवर ‘पिपाणी’ असं कोरलंय. तुम्ही आमच्या मुलाला दिला होता तोच असावा. त्याला परत द्यायला हवा. विचारलं असतं, पण तो हल्ली माझ्याशी बोलत नाही.