धूर बघा, आवाज ऐकू नका

मी, ऑस्वल्ड डॉमनिक परेरा, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी धावपटू, नंतर अ‍ॅथलेटिक्सचा कोच, आता कोणी नाही, राहणार बाळकुम, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. कुणी जबरदस्ती केलेली नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि केलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

कलम १. बाळकुमच्या दोन खोल्या, पुढचा ओटा आणि बँकेतली शिल्लक पत्नी विनिफ्रेड हिला. घर बिल्डरला द्यायचं की नाही हे तिने एकटीने ठरवावं. माझी पदकं पितळेची आहेत. त्यातली दोन तिने पूर्वीच पडद्याला वजन म्हणून शिवली आहेत, ती तिथेच राहू द्यावीत. वाऱ्याला पडदा उडत नाही, म्हणजे काहीतरी उपयोग झाला.

कलम २. भाऊ कॉस्मास याने कुंपण सहा इंच माझ्या बाजूला सरकवलं आहे. त्याला वाटतं मला कळलं नाही. अरे, मी आयुष्यभर अंतर पावलांनी मोजलं आहे! १९५६ साली राज्य स्पर्धेत चारशे मीटरला मी दुसरा आलो तेव्हा हाच म्हणाला होता, "एवढं पळून पोचलास कुठे?" चारशे मीटर जिथून सुटते तिथेच येऊन संपते, हे त्याला कुणीतरी समजावून सांगावं. ते सहा इंच त्याला दिले. यावरून विनिफ्रेडने भांडू नये.

कलम ३. माझे स्पाइक्स बहिणीची मुलगी डोरोथी हिला. ती माझ्या हाताखाली शिकली, खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागली, लग्न करून वसईला गेली. पुढे कलम ५ मध्ये तिचं नाव येईल. त्यात तिचा काडीचाही दोष नाही. तिची ती धावली.

कलम ४. मैदानावरचं सामान, म्हणजे फक्कीच्या गोण्या, रेषा मारायची गाडी, बांबूचे बारा हर्डल्स आणि सुताराकडून करून घेतलेले चार लाकडी स्टार्टिंग ब्लॉक, सगुणा धाकू कोळी हिला. सगुणा चेंदणी कोळीवाड्यातली. मानपाड्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पहिली पाळी सुटली की एस.टी.ने खोपटला उतरते आणि तशीच मैदानावर येते. गेली आठ वर्षं पोरींना तीच शिकवते, मी खुर्चीवर बसून ओरडतो. तिच्याइतकी सरळ रेषा मला कधी मारता आली नाही.

कलम ५. हे कलम माझ्यामागे विनिफ्रेडने सगुणाला समोर बसवून वाचून दाखवावं. मला स्वतःला सांगायचं होतं. अकरा वर्षं रोज सांगायचं होतं. तोंड उघडलं की फक्कीचाच विषय निघायचा.

नोव्हेंबर १९८६. जिल्ह्याची निवड चाचणी, मुलींची शंभर मीटर. दोन हीट, त्यातल्या पहिल्या दोघींची फायनल, आणि जिंकेल ती राज्याला. पण दुपारनंतर मैदान लग्नाच्या मांडवाला दिलेलं होतं. मांडववाले बांबू घेऊन दारात उभे. तेव्हा ठरलं की फायनल नको, हीटमधल्या वेळेवरच एक मुलगी निवडू. तीन घड्याळांपैकी दोन बंद पडलेली. चालू होतं ते माझं.

वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो, पिस्तुल शंभर मीटर लांब. आवाज पोचायला सेकंदाचे तीन दशांश जातात. म्हणून नियम असा, की पिस्तुलाचा धूर दिसला की घड्याळ दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही. मी शेकडो जणांना हे घोकायला लावलं: धूर बघा, आवाज ऐकू नका.

पहिल्या हीटमध्ये डोरोथी. तिला मागची टाच आधी उचलायची खोड होती. मी पिस्तुलाकडे बघायचं सोडून तिच्या टाचेकडे बघत बसलो. टाच हलली नाही, मी खूश झालो, आणि आवाज आला. तेव्हा दाबलं. तेरा सेकंद. दुसऱ्या हीटमध्ये सगुणा, अनवाणी, सोबत कोच नाही, फक्त बाप धाकू डोक्याला रुमाल बांधून कडेला उभा. तिची वेळ मी धूर बघून घेतली. तेरा पॉइंट एक.

म्हणजे डोरोथीची खरी वेळ तेरा पॉइंट तीन. हे मला तिथेच, घड्याळ हातात असतानाच कळलं. नुसतं म्हणायचं होतं, चुकलं, परत धावा. मांडववाले घाई करत होते, बहीण टाळ्या वाजवत होती. मी कागदावर तेरा लिहून सही केली. चूक डोळ्यांची झाली, लबाडी मी केली. मला लाज वाटली आणि अजून वाटते.

पुढच्या वर्षी सगुणा माझ्याकडेच शिकायला आली. म्हणाली, "सर, पॉइंट एकने गेले. माझा स्टार्ट सुधारून द्या." मी सुधारून दिला. तोवर धाकूच्या छातीचं दुखणं निघालं आणि ती कामाला लागली. अजूनही नव्या पोरींना ती आपलंच उदाहरण देते, आणि मी खुर्चीत बसून ऐकतो.

कलम ६. ते घड्याळ सगुणाला.

पुरवणी, आजच्याच तारखेची. साक्षीला शेजारचे दौलत पाटील आणि गल्लीतले डॉक्टर ठरले होते. डॉक्टर आले नाहीत. मैदानाची किल्ली द्यायला सगुणा आली होती. दौलत म्हणाले, "हिचीच घ्या की सही." साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, म्हणून मी वरची पानं हाताखाली धरली. तर म्हणते, "न वाचता सही करू नये, टायमिंग शीटवर तुम्हीच शिकवलंय ना?" मी हात काढला.

तिने उभ्यानेच वाचलं. विचारलं, "म्हणजे मी जिंकलेले?"

मी हो म्हटलं.

"बाबा मरेपर्यंत म्हणत होता, पोरी, थोडं अजून जोर लावायचा होतास." दौलत बाहेर जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "शिवी दे मला."

"देणार. आज नाय सुचत."

मी सांगितलं, आम्हा ख्रिश्चनांच्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर घड्याळ गेलं, ब्लॉक, फक्की, सगळं गेलं. थांब, दौलतच्या बायकोला हाक मारतो.

"नको," म्हणाली. "सामान विनीआंटीकडून मागून घेईन. तेरा लिहिलंत त्या कागदावर तुमची एकट्याची सही होती ना? ह्याच्यावर माझी पायजे."

कलम ४ आणि ६ खोडलेली नाहीत. माझी इच्छा काय होती ते दिसू द्यावं.

ऑस्वल्ड डॉमनिक परेरा
बाळकुम, ठाणे. ९ फेब्रुवारी १९९८

आमच्यासमोर सही झाली, आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. दौलत पाटील

२. सगुणा धाकू कोळी (सगळं वाचून सही केली. १०० मीटर, १३.१, पहिली.)